मार्चमध्ये लंडनला नाटकं बघायला जाताना

लंडनची सहल आखताना बहुतेक लोक आधी विमान, मग हॉटेल, मग प्रेक्षणीय स्थळं ठरवतात आणि उरलेल्या एखाद्या संध्याकाळी नाटक बसवतात. नाटकांसाठीच जायचं असेल तर हा क्रम उलटा धरावा. संग्रहालय आज राहिलं तर उद्या बघता येतं. गुरुवारी दुपारी अडीचचा प्रयोग मात्र गुरुवारी दुपारी अडीचलाच असतो. म्हणून आधी प्रयोगांच्या तारखा, त्यावरून विमान, थिएटरच्या पत्त्यांवरून मुक्काम आणि बाकीचं सगळं उरलेल्या वेळात. खाली दिलेल्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

आठवडा कोणता घ्यायचा

इंग्लंडमधल्या शाळांना फेब्रुवारीच्या मध्यावर हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी असते आणि ईस्टरच्या आजूबाजूला साधारण दोन आठवड्यांची. या दोन सुट्ट्यांच्या मधे येणारा काळ नाटकवाल्यांसाठी सोयीचा. मुलाबाळांसह येणारी कुटुंबं कमी असतात, त्यामुळे मोठ्या म्युझिकल्सची तिकिटंसुद्धा आठवड्याच्या मधल्या वारांना बऱ्या दरात मिळतात. उन्हाळ्याच्या मानाने हॉटेलंही स्वस्त असतात. हवेकडून फार अपेक्षा ठेवू नका. दिवसा ११-१२ अंश, रात्री ४-५ आणि अधूनमधून भुरभुर पाऊस. मार्चच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, पण तुमची संध्याकाळ तशीही छताखालीच जाणार आहे.

ईस्टर दरवर्षी सरकतो, त्यामुळे हा मधला काळ कधी आखूड होतो, कधी लांब. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा सुट्टीत गेला. २०२८ मध्ये तो १६ एप्रिलला आहे, तेव्हा मार्च जवळजवळ पूर्ण मोकळा मिळतो. ईस्टरच्या चार दिवसांच्या जोडसुट्टीत रेल्वेमार्गांची मोठी दुरुस्तीकामं काढतात. लंडनबाहेर एक दिवस जायचा बेत असेल तर तेवढ्यासाठीही तो आठवडा टाळा.

नवख्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक तारीख म्हणजे ब्रिटनमधला मदर्स डे. तो मे महिन्यात नसतो, ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी येतो. २०२७ मध्ये ७ मार्च, २०२८ मध्ये २६ मार्च. त्या शनिवार-रविवारी आईला घेऊन दुपारच्या प्रयोगाला जायची तिथे पद्धत आहे. मॅटिनी भरलेल्या असतात आणि थिएटरजवळच्या हॉटेलांत टेबल मिळत नाही. त्या वीकेंडला जाणार असाल तर दोन्ही आधीच राखून ठेवा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे १ वाजता घड्याळं एक तास पुढे जातात. भारताशी असलेला साडेपाच तासांचा फरक त्या दिवसापासून साडेचार तासांचा होतो. फोन आपोआप बदलतो, हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ बदलेलच असं नाही. त्या सकाळी विमान किंवा गाडी असेल तर आदल्या रात्री गजर फोनवरच लावा.

व्हिसा आणि पैसे अडकवण्याचा क्रम

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३ महिने अर्ज करता येतो. बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यानंतर निर्णयाला सर्वसाधारणपणे ३ आठवडे लागतात. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. ती वरचेवर वाढते, म्हणून अर्जाच्या वेळी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा धरा. मार्चच्या मध्यावर जायचं असेल तर डिसेंबरच्या मध्यावर अर्ज भरून टाकावा. जानेवारीअखेरपर्यंत थांबलात आणि एखादा कागद कमी पडला, तर हातात वेळ उरत नाही.

पेच असा की चांगल्या जागा त्याआधीच संपू लागतात आणि लंडनमधलं नाटकाचं तिकीट सहसा परत घेत नाहीत. व्हिसा नाकारला गेला हे कारण तिकीटखिडकीला चालत नाही. यावर व्यवहारी उपाय एकच: ज्या नाटकासाठी मुद्दाम चाललो आहोत आणि ज्याच्या जागा खरोखर संपणार आहेत, असं एकच तिकीट व्हिसाआधी काढायचं. ते पैसे बुडाले तरी चालतील इतपतच काढायचं. बाकीची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. विमानाच्या तिकिटाचं म्हणाल तर ब्रिटिश सरकारच व्हिसाआधी प्रवासाचे पैसे भरू नका असं सांगतं.

नाटकांचा आठवडा आणि तुमची झोप

वेस्ट एंडमधली, म्हणजे लंडनच्या मध्यवर्ती नाट्यपट्ट्यातली, बहुतेक नाटकं आठवड्याला ८ प्रयोग करतात: सहा रात्री आणि दोन दुपारी. रात्रीचा प्रयोग ७ किंवा साडेसातला. दुपारचा साधारण अडीचला, शनिवारी आणि आठवड्याच्या मधे बुधवारी किंवा गुरुवारी. रविवारी बरीच थिएटरं बंद असतात. काही रविवारी खेळ करतात आणि सोमवारी सुट्टी घेतात. हे नाटकागणिक बदलतं, म्हणून सगळ्यात आधी कागदावर सात दिवसांचे रकाने आखा आणि बघायच्या प्रत्येक नाटकाचे प्रयोग त्यात भरा. दोन नाटकांची मॅटिनी एकाच बुधवारी येते की एक बुधवारी आणि दुसरं गुरुवारी, यावर सगळा आठवडा फिरतो.

आता त्यावर झोपेचा हिशेब चढवा. भारतातून उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस शरीर साडेपाच तास पुढे असतं. रात्री साडेसातच्या प्रयोगाची घंटा होते तेव्हा अंगातल्या घड्याळात पहाटेचा १ वाजलेला असतो, आणि मध्यंतरानंतरचा अंक पहाटे अडीच ते चार या वेळात. अंधार, गरम हवा, मऊ खुर्ची. शंभर पौंडांची झोप लागायला एवढं पुरतं. दुपारचा अडीचचा प्रयोग मात्र शरीराला रात्री आठचा वाटतो, म्हणजे आपली नाटकाची नेहमीची वेळ. त्यामुळे पहिलं नाटक दुपारचं घ्या आणि सर्वांत महाग तिकीट तिसऱ्या रात्रीनंतर ठेवा. अमेरिकेकडून येणाऱ्यांना हा हिशेब उलटा: त्यांना रात्री जागरण सोपं आणि सकाळ अवघड.

मंगळवारी उतरून सोमवारी निघायचं असेल तर आठवडा साधारण असा बसतो. मंगळवारी नाटक नाही, संध्याकाळी थोडं चालायचं आणि नऊपर्यंत जागं राहायचा प्रयत्न करायचा. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी एखादं म्युझिकल. संगीत आणि हालचाल असली की डोळे मिटत नाहीत. शुक्रवारी रात्री ज्यासाठी आलो ते मुख्य नाटक. शनिवारी एखादं लहान थिएटर. शनिवारी दुपारी आणि रात्री अशी दोन नाटकं करता येतात, पण दोन्ही अडीच-अडीच तासांची असतील तर दुसऱ्याचा उत्तरार्ध आठवत नाही. दोन करायचीच तर एक दीड तासाचं, मध्यंतर नसलेलं निवडा. सहा दिवसांत चार नाटकं हे सुखाचं प्रमाण. पाचवं तिथे पोहोचल्यावर अंगात बळ उरलं तर बघावं.

नाटकं निवडताना

वेस्ट एंड म्हणजे शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, कोव्हेंट गार्डन, स्ट्रँड, हेमार्केट या पट्ट्यातली व्यावसायिक थिएटरं. वर्षानुवर्षं चालणारी म्युझिकल्स इथेच. त्यांची घाई नको, ती पुढच्या वर्षीही असतील. मर्यादित आठवड्यांसाठी येणारी गद्य नाटकं, विशेषतः प्रसिद्ध नट असलेली, आधी धरावीत. चारही तिकिटं म्युझिकल्सची काढणारे लोक लंडनच्या रंगभूमीची चांगली अर्धी बाजू न बघताच परततात. नदीपलीकडचं नॅशनल थिएटर, वॉटर्लूजवळ द कट या रस्त्यावरची ओल्ड विक आणि यंग विक, स्लोन स्क्वेअरचं रॉयल कोर्ट, इझलिंग्टनमधलं अल्मेडा, कोव्हेंट गार्डनमधलं जेमतेम २५१ जागांचं डॉनमार वेअरहाउस यांतलं निदान एक यादीत असावंच. डॉनमारमध्ये शेवटच्या रांगेतूनही नटाचा चेहरा दिसतो. दोन हजार जागांच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये तशी अपेक्षा धरू नये.

शेक्सपिअर्स ग्लोबच्या उघड्या अंगणात उभं राहून नाटक बघायचं अनेकांच्या मनात असतं. मार्चमध्ये ते सहसा जमत नाही. उघड्यावरचा मुख्य हंगाम वसंत पुढे सरकल्यावर सुरू होतो. त्याच आवारात २०१४ साली सुरू झालेलं सॅम वॅनमेकर प्लेहाउस मात्र हिवाळ्याचंच थिएटर आहे. लाकडी, छोटं, मेणबत्त्यांच्या उजेडात खेळ होणारं. बसायला पाठ नसलेली बाकं असतात. पाठीचं दुखणं असेल तर मागे टेकायला भिंत असलेली रांग निवडा.

तिथल्या उच्चारांची धास्ती असेल, आणि ती बऱ्याच जणांना असते, तर कॅप्शन असलेला प्रयोग शोधा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काही ठरावीक प्रयोगांना रंगमंचाजवळच्या पडद्यावर संवाद अक्षरात दाखवतात. थिएटरच्या संकेतस्थळावर अशा तारखा वेगळ्या दिलेल्या असतात. नॅशनलमध्ये संवाद डोळ्यांसमोर उमटवणारे खास चष्मेही मिळतात. यॉर्कशरच्या किंवा ग्लासगोच्या बोलीत लिहिलेल्या नाटकाला याचा फार उपयोग होतो. पडदा दिसेल अशी जागा हवी, म्हणून तिकीट काढताना तसं विचारा.

नाटक नवीन असेल तर पहिले काही प्रयोग प्रिव्ह्यूचे असतात. समीक्षक येण्याआधीचे, थोडे स्वस्त. प्रवेश उद्या बदलू शकतो, क्वचित यंत्र अडकून प्रयोग थांबतो किंवा रद्दही होतो. परदेशातून एकाच आठवड्यासाठी येणाऱ्याने यांत्रिक करामती असलेल्या मोठ्या म्युझिकलचे पहिले चार-पाच प्रिव्ह्यू टाळावेत. साध्या नेपथ्याच्या नाटकाला हा धोका नाही. ऑलिव्हिए या लंडनच्या नाट्यपुरस्कारांची नामांकनं साधारण मार्चमध्ये येतात आणि ती आल्यावर लहान थिएटरांतली उरलीसुरली तिकिटं पटकन जातात. मनात असलेलं नाटक त्या बातमीची वाट बघत ठेवू नका.

खुर्ची

चुकीच्या नाटकापेक्षा चुकीच्या खुर्चीत जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे वेळ घाला.

बहुतेक थिएटरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. खाली स्टॉल्स, वर ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्यावर अप्पर किंवा ग्रँड सर्कल आणि काही ठिकाणी सगळ्यात वर बाल्कनी. स्टॉल्स म्हणजे तळमजला असं समजू नका. कित्येक ठिकाणी रस्त्यावरून आत शिरलं की आपण ड्रेस सर्कलच्या पातळीवर असतो आणि स्टॉल्ससाठी जिने उतरावे लागतात. पिकॅडिली सर्कसचं क्रायटेरियन तर पूर्ण जमिनीखाली आहे, वरच्या सर्कललाही खालीच उतरावं लागतं. लिफ्ट गृहीत धरू नका. सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर ऑनलाइन जागा निवडण्याऐवजी थिएटरच्या ॲक्सेस क्रमांकावर फोन करा आणि दारापासून खुर्चीपर्यंत किती पायऱ्या ते विचारा. ते नेमकं सांगतात. अपंग प्रेक्षकांना आणि त्यांच्या सोबत्याला बहुतेक ठिकाणी सवलतीची तिकिटं असतात, तीही तिथेच मिळतात.

स्टॉल्सच्या पहिल्या एक-दोन रांगा कधीकधी स्वस्त दिसतात. कारण मंच उंच असतो, नटांचे पाय दिसत नाहीत आणि मान वर करून बसावं लागतं. नृत्यप्रधान म्युझिकलला त्या घेऊ नयेत; संवादांच्या नाटकाला मात्र उत्तम सौदा. पाचव्या-सहाव्या रांगेपासून बाराव्यापर्यंतचा मधला भाग सगळ्यांत महाग आणि तेवढ्या किमतीचा. स्टॉल्सच्या मागच्या रांगांवर वरच्या सर्कलचं छत येतं आणि मंचाचा वरचा भाग कापला जातो. दिवाणखान्यातल्या नाटकात काही बिघडत नाही. पण ज्यात माणसं उडतात, झुंबर खाली येतं किंवा वरच्या मजल्यावर प्रवेश होतात, तिथे हे छत नडतं.

ड्रेस सर्कलच्या पहिल्या तीन-चार रांगा म्युझिकलसाठी सर्वोत्तम, कारण नृत्याची रचना वरूनच कळते. पहिल्या रांगेसमोर सुरक्षेचा दांडा असतो आणि बुटक्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो नेमका येतो. तिसरी रांग बरी. अगदी वरच्या मजल्यावर उतार तीव्र आणि पाय ठेवायला जागा कमी.  उंचीची भीती असलेल्याने, आणि पाच फूट दहा इंचांवरच्या माणसाने, तिथे कडेची खुर्ची सोडून बसू नये. रांगेच्या दोन्ही टोकांना मंचाची ती ती बाजू कापली जाते हेही लक्षात ठेवा.

‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेली प्रत्येक जागा वाईट नसते. कधी खांब असतो, कधी नुसता दांडा. सीटप्लॅन आणि थिएटरमंकी या संकेतस्थळांवर खुर्चीगणिक प्रेक्षकांची मतं आणि बऱ्याच ठिकाणी तिथून काढलेले फोटो असतात. पैसे भरण्याआधी तेवढं बघा. रांगेचं अक्षर ए म्हणजे पहिलीच रांग असंही नाही. काही ठिकाणी तिच्या पुढे एए, बीबी लावलेल्या असतात.

तिकीट कुठून आणि केव्हा

सगळ्यांत आधी थिएटरचं किंवा नाटकाचं स्वतःचं संकेतस्थळ. शोधयंत्रात वर येणारी जाहिरात बहुधा दलालाची असते आणि तीच खुर्ची ३० टक्के जास्त दराने विकते. दुसऱ्या कुणाकडून घेतलीच तर तो विक्रेता ‘स्टार’ या तिकीटविक्रेत्यांच्या संघटनेचा सदस्य आहे ना ते तपासा. दर मागणीप्रमाणे हलतात. मंगळवार ते गुरुवार स्वस्त, शुक्रवार-शनिवार महाग. नाव बघून तिकीट काढलेला नट आजारी पडला आणि त्याच्या जागी अंडरस्टडी, म्हणजे बदली नट, उभा राहिला, तर सहसा पैसे परत मिळत नाहीत.

स्वस्त तिकिटांचे चार मार्ग. लेस्टर स्क्वेअरमधली टीकेटीएस ही थिएटरांच्या संघटनेचीच खिडकी आहे. त्या दिवसाची आणि पुढच्या दोन दिवसांची सवलतीची तिकिटं तिथे मिळतात आणि यादी ऑनलाइनही दिसते. चौकाच्या आजूबाजूला ‘हाफ प्राइस’च्या पाट्या लावून बसलेली दुकानं ही नव्हे. दुसरा मार्ग टुडेटिक्स ॲपवरची रश तिकिटं: त्याच दिवसाच्या प्रयोगाची, बहुतेक वेळा सकाळी १० वाजता सुटणारी, साधारण २५-३० पौंडांत. खातं आणि कार्ड आदल्या दिवशीच नोंदवून ठेवा. दहा वाजून दोन मिनिटांनी लोकप्रिय नाटकाचं काही उरत नाही. खुर्ची कोणती मिळेल हे हातात नसतं. तिसरा, नॅशनल थिएटरचा फ्रायडे रश: दर शुक्रवारी दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची १० पौंडांची तिकिटं. भारतात बसून हे करायचं तर संध्याकाळी साडेसहा, आणि घड्याळ बदलल्यावर साडेपाच. निघायच्या आधीच्या शुक्रवारी ते मुद्दाम करा. चौथा मार्ग जुना: ‘सोल्ड आउट’ नाटकाच्या तिकीटखिडकीवर प्रयोगाआधी दीड-दोन तास जाऊन परत आलेल्या तिकिटांसाठी उभं राहायचं. एकट्या माणसाचं काम बहुधा होतं. चौघांचं एकत्र होत नाही.

चार नाटकांचा खर्च विभागायचा झाला तर मुख्य नाटकाला ९०-१०० पौंड, दुसऱ्याला ५०, एक रश ३०च्या आत आणि एक नॅशनलचं किंवा लहान थिएटरचं १०-२५ पौंडांचं. एकूण दोनशेच्या आसपास. चारही मधल्या दर्जाची काढली तर खर्च तेवढाच होतो आणि लक्षात राहील अशी खुर्ची एकही मिळत नाही.

मुक्काम आणि ये-जा

नाटक सव्वादहाला सुटतं. त्यानंतर २०-२५ मिनिटांत खोलीवर पोहोचता येईल असा मुक्काम हवा, बाकी निकष दुय्यम. ब्लूम्सबरीतून चालत जाता येतं. वॉटर्लू किंवा साउथवर्कमधून वॉटर्लू पूल ओलांडून कोव्हेंट गार्डन गाठता येतं आणि नॅशनल, ओल्ड विक, यंग विक तर अंगणातच. पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने थिएटरांजवळचं टॉटनहॅम कोर्ट रोड दुसरंच स्टेशन आहे. विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल घेऊन रोज रात्री तासभर प्रवास करणं हा चुकीचा काटकसरपणा.

हीथ्रो विमानतळाहून मेट्रोची पिकॅडिली लाइन तासाभरात थेट लेस्टर स्क्वेअरला आणते. एलिझाबेथ लाइन दुपटीहून महाग, पण अर्ध्या-पाऊण तासात टॉटनहॅम कोर्ट रोडला. तिकीट काढायची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन स्टेशनच्या दारावर टेकवा. दिवसभर तेच कार्ड वापरा. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन टेकवला तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोघांकडून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दोघांना एका कार्डावर जाता येत नाही. बसमध्ये रोख चालत नाही. २०२५ मध्ये बसभाडं १.७५ पौंड होतं आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस फुकट.

लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन मेट्रोने जाऊ नका. लंडनच्या मेट्रोतलं हे सगळ्यांत छोटं अंतर, तीनशे मीटरसुद्धा नाही. शिवाय कोव्हेंट गार्डनला वर येताना लिफ्टची रांग नाहीतर १९३ पायऱ्या. शेवटची मेट्रो साधारण मध्यरात्रीच्या सुमारास. शुक्रवारी आणि शनिवारी पिकॅडिली, सेंट्रल, नॉर्दर्न, ज्युबिली आणि व्हिक्टोरिया या मार्गांच्या ठरावीक भागांवर ती रात्रभर चालते.

पत्ता नावावरून ओळखायला जाऊ नका, पोस्टकोड बघा. अपोलो थिएटर शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर, अपोलो व्हिक्टोरिया व्हिक्टोरिया स्टेशनसमोर आणि तिसरं अपोलो हॅमरस्मिथला. लिरिक दोन आहेत, पॅलेस आणि व्हिक्टोरिया पॅलेस वेगळी आहेत, थिएटर रॉयल एक हेमार्केटला आणि एक ड्रुरी लेनचं. त्या ड्रुरी लेनच्या थिएटरचा दरवाजा ड्रुरी लेनवर नाही, कॅथरिन स्ट्रीटवर आहे. प्रयोगाला दहा मिनिटं उरली असताना हे कळलं तर टॅक्सीही उपयोगी पडत नाही.

प्रयोगाच्या दिवशी

जेवण आधी. सुटल्यावर बहुतेक स्वयंपाकघरं बंद व्हायला आलेली असतात. थिएटरच्या पट्ट्यातली बरीच रेस्टॉरंट्स पाच ते साडेसहाच्या दरम्यान ‘प्री-थिएटर’ नावाचा ठरावीक, स्वस्त मेन्यू ठेवतात. बसल्याबसल्याच प्रयोगाची वेळ सांगा, ते त्या हिशेबाने वाढतात. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बहुधा लावलेलंच असतं, वेगळी टिप लागत नाही.

अर्धा तास आधी पोहोचा. दारावर पिशव्या तपासतात. चाकांची बॅग आत घेत नाहीत, आणि कोट-सामान ठेवायची सोय असेलच असं नाही. विमानतळावरून थेट प्रयोगाला जायचा बेत याच कारणाने फसतो. तिकिटाचा क्यूआर कोड स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाड भिंतींच्या आत नेटवर्क जातं. बाहेर थंडी आणि आत भट्टी, विशेषतः वरच्या मजल्यावर. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण काढलेलं जाकीट अडीच तास मांडीवरच राहतं. खास पोशाखाची सक्ती नसते, जीन्स चालते.

उशीर झाला तर कर्मचारी नाटकात योग्य क्षण येईपर्यंत बाहेर उभं करतात, कधी वीस मिनिटं. मध्यंतर नसलेल्या नाटकाला एकदा दार बंद झालं की प्रवेश मिळेलच असं नाही, आणि मधेच बाहेर पडलात तर पुन्हा आत घेत नाहीत. असं नाटक असेल तर दुपारपासून पाणी बेताने प्या. मध्यंतर १५-२० मिनिटांचं. बायकांच्या स्वच्छतागृहासमोरची रांग तेवढ्या वेळात संपत नाही, म्हणून पडदा पडताच उठा किंवा प्रयोगाआधीच जाऊन या. पेय हवं असेल तर प्रयोग सुरू होण्यापूर्वी बारमध्ये सांगून पैसे भरा. मध्यंतरात ते तयार ठेवतात. आइसक्रीम प्रेक्षागृहातच विकायला येतं.

प्रयोग चालू असताना फोटो काढायला मनाई असते, काही ठिकाणी रिकाम्या मंचाचाही. फोन सायलेंटवर पुरत नाही. पूर्ण बंद करा, कारण भारतातून येणारा पहाटेचा ‘गुड मॉर्निंग’ दुसऱ्या अंकाच्या वेळीच येतो आणि अंधारात पडद्याचा उजेड तीन रांगांना दिसतो. लहान मुलं नेणार असाल तर वयाची अट तिकीट काढण्याआधी वाचा. मोठी म्युझिकल्ससुद्धा बऱ्याचदा तीन-चार वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि मांडीवरच्या बाळाची अडचण दारातच सांगतात.

दिवसाचे मोकळे तास

रात्रीच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी एकच काम ठेवा आणि चारनंतर खोलीवर तासभर पाठ टेका. नॅशनल गॅलरी, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) यांचा कायमचा संग्रह विनामूल्य आहे, त्यामुळे दीड तास बघून बाहेर पडलं तरी पैसे गेल्याची चुटपुट लागत नाही. नॅशनल गॅलरी ट्रफाल्गर स्क्वेअरला, थिएटरांपासून पाच मिनिटांवर, आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडी. नाटक नसलेल्या शुक्रवारची संध्याकाळ तिथे छान जाते. पडद्यामागचं बघायची हौस असेल तर नॅशनल थिएटर आणि ड्रुरी लेन या दोन्ही ठिकाणी मार्गदर्शकासह फेरी असते. तिच्या वेळा तालमी आणि प्रयोग सांभाळून ठरतात, म्हणून ती नाटकाच्या तिकिटांनंतर लगेच राखून टाका.

रविवार मोकळा ठेवलात तर दुपारचा प्रयोग असलेलं एखादं नाटक शनिवारी रात्रीपर्यंत शोधून ठेवा. रविवारी मेट्रोचे काही मार्ग दुरुस्तीसाठी बंद असतात. निघण्याआधी लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर तेवढं पाहून घ्या, आणि सोमवारी पिकॅडिली लाइनने विमानतळ गाठायचा असेल तर सकाळी साडेसहा ते साडेनऊच्या गर्दीत मोठ्या बॅगा घेऊन चढू नका.